नव्वद दिवसांची खुर्ची

एप्रिल १९९९. केनियाचे राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांचा ताफा लिमुरूजवळ रस्त्याच्या कडेला थांबला. लोक गोळा झाले, आणि तिथेच उभ्या उभ्या मोईंनी सांगून टाकलं की प्राध्यापक जॉर्ज सैतोती यांना आपण पुन्हा उपराष्ट्राध्यक्ष नेमतो आहोत. शपथविधीची मांडामांड नाही, राजभवनातून पत्रक नाही. आता बघू, तुमच्या घरात शिजणारी उगाली याने वाढते का, अशा अर्थाचा टोमणाही जाता जाता मारला. उगाली म्हणजे तिथली मक्याच्या पिठाची रोजची उकड.

त्याआधी चौदा महिने देशाला उपराष्ट्राध्यक्षच नव्हता. १९९७ ची निवडणूक झाली, मंत्रिमंडळ झालं, ही एक जागा मोईंनी रिकामीच ठेवली. विरोधक ओरडून ओरडून थकले. मोई स्वतः या खुर्चीवर अकरा वर्षं बसून वर गेलेले. तिच्यात काय दडलंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आपल्याकडे उपराष्ट्रपती म्हटलं की राज्यसभेचे सभापती डोळ्यांसमोर येतात. केनियातलं पद वेगळ्याच घडणीचं. १२ डिसेंबर १९६४ ला देश प्रजासत्ताक झाला तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष हा राष्ट्राध्यक्षाने खासदारांतून नेमलेला एक मंत्री होता. नेमणूक राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने, हकालपट्टीही त्याच मर्जीने. पुढे बऱ्याच जणांना जोडीला गृह खातं मिळालं. तिथल्या व्यवस्थेत त्यात तुरुंग येत असत, पोलीस मात्र बहुतेकदा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्याच हाताशी. म्हणजे देशातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस कैद्यांच्या सोयीगैरसोयी बघत बसायचा. मूडी अवोरी यांनी मात्र २००३ नंतर ते काम मनावर घेतलं, आणि कैद्यांना गाद्या, धड गणवेश, टीव्ही मिळवून दिले. या पदावरून लोकांच्या हाताला लागेल असं काही करणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागेल.

पहिले उपराष्ट्राध्यक्ष जारामोगी ओगिंगा ओडिंगा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा इंग्रजांच्या कैदेत असताना त्यांचं नाव घेण्याचीही चोरी होती, तेव्हा ओडिंगांनी कायदेमंडळात उभं राहून ते घेतलं. पण स्वातंत्र्यानंतर जमिनीच्या वाटपावरून, रशिया-चीनच्या मैत्रीवरून दोघांचं फाटलं. मार्च १९६६ मध्ये लिमुरूला कानू या सत्ताधारी पक्षाचं अधिवेशन भरलं. टॉम म्बोया या तरुण, धूर्त सरचिटणिसाने तिथे डाव टाकला. पक्षाचं एक उपाध्यक्षपद मोडून त्याची आठ प्रादेशिक उपाध्यक्षपदं करायची. ओडिंगांना काढायची गरजच उरली नाही, त्यांच्या पायाखालचीच जागा आठांत वाटली गेली. एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि नवा पक्ष काढला. १९६९ मध्ये त्या पक्षावर बंदी आली, ओडिंगा स्थानबद्धतेत गेले.

त्यांच्या जागी आले ते जोसेफ मुरुम्बी, आणि मराठी वाचकाने थोडा वेळ थांबावं ते इथे. मुरुम्बींचे वडील पीटर झुझार्ते हे गोव्याचे व्यापारी, आई मासाई. जन्म १९११ चा, एल्डामा रॅव्हिनचा. शिक्षणासाठी पोराला भारतात धाडलं गेलं. बंगळूर, मग बळ्ळारी इथे तो शिकला आणि तरुणपणी परत गेला. गोवेकर म्हणून जगला असता तर वसाहतीच्या वर्णव्यवस्थेत त्याला बरी पायरी मिळाली असती. त्याने आईकडचं, आफ्रिकी नाव लावलं.

१९५२ मध्ये केन्याटांना अटक झाली तेव्हा पळापळीत केनिया आफ्रिकन युनियनचा कारभार हंगामी सरचिटणीस म्हणून मुरुम्बींनी पाहिला, खटल्यासाठी वकील जमवायला हातभार लावला. त्या वकिलांत नेहरूंनी पाठवलेले दिवाण चमनलालही होते. पुढची बरीच वर्षं मुरुम्बी लंडनमध्ये वसाहतविरोधी चळवळीत होते. परत आल्यावर परराष्ट्रमंत्री झाले, आणि १९६६ च्या मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्ष.

वर्ष संपायच्या आत ते पायउतार झाले होते. बाहेर काय कारण दिलं गेलं त्याला फारसा अर्थ नाही. त्यांचे जिवलग मित्र पियो गामा पिंटो यांना फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत त्यांच्या घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या होत्या. पिंटोही गोवेकर, भारतात शिकलेले, गोवा मुक्तीच्या कामात उतरलेले आणि मग केनियाच्या लढ्यात तुरुंग भोगलेले. त्या खुनानंतर, आणि भोवती चाललेली जमिनींची लूट पाहून, मुरुम्बींचं मन राजकारणातून उडालं असं त्यांना ओळखणारे सांगत आले. या खुर्चीवरून आपण होऊन, वर जाण्याचा हिशेब न मांडता उठलेला माणूस शोधायला गेलं तर मुरुम्बींपाशीच येऊन थांबावं लागतं.

उरलेलं आयुष्य त्यांनी वस्तू गोळा करण्यात घालवलं. मुखवटे, कापडं, दागिने, टपाल तिकिटं, आणि पुस्तकं तर हजारांनी, त्यातली कितीतरी १९०० च्या आधी छापलेली. नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हा संग्रह आज मुरुम्बी दालन म्हणून उभा आहे. इमारत जुन्या बँकेची, दर्शनी खांबांची. एका अंगाला मोई अॅव्हेन्यू, दुसऱ्या अंगाला टॉम म्बोया स्ट्रीट. समोरच्या चौकात म्बोयांचा पुतळा, कारण १९६९ मध्ये त्यांनाही आजच्या मोई अॅव्हेन्यूवर, औषधांच्या दुकानातून बाहेर पडताना गोळी घातली गेली. पहिल्या उपराष्ट्राध्यक्षाला उखडणारा, दुसऱ्याचा संग्रह आणि तिसऱ्याच्या नावाचा रस्ता, सगळं शंभर पावलांत. मटाटूंच्या, म्हणजे खासगी मिनीबसच्या, भोंग्यांत आणि फेरीवाल्यांच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मुरुम्बी १९९० मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना पिंटोंच्या थडग्याच्या शक्य तितकं जवळ, सिटी पार्कमध्ये पुरलं आहे.

आता शीर्षकातल्या नव्वद दिवसांच्या कलमाकडे यायला हवं. १९६८ च्या घटनादुरुस्तीने ठरवलं की राष्ट्राध्यक्ष वारले तर उपराष्ट्राध्यक्ष नव्वद दिवस कारभार पाहील आणि तेवढ्यात निवडणूक घ्यायची. बाकी काळ हे पद शोभेचं, पण धन्याच्या मृत्यूच्या क्षणी तेच सर्वांत मोठं. मोई जानेवारी १९६७ पासून तिथे होते. केन्याटांच्या गोतावळ्याला ते परके, रिफ्ट व्हॅलीतले एक निरुपद्रवी शिक्षक वाटायचे. पण म्हातारा थकत चालला तशी नव्वद दिवसांची धास्ती वाढली. १९७६ मध्ये काही बड्या नेत्यांनी सभा घेऊन मागणी केली, हे कलमच बदला. तेव्हा अॅटर्नी जनरल चार्ल्स न्जोन्जो यांनी कायद्याचं पुस्तक उघडून जाहीर केलं, राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूची कल्पना करणं हाच गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा देहान्ताची. तोंडं गप्प झाली. २२ ऑगस्ट १९७८ ला पहाटे केन्याटा मोम्बासात वारले, मोई नाकुरूजवळच्या घरून गाडीने नैरोबीला आले आणि त्याच दिवशी त्यांचा शपथविधी झाला. निरुपद्रवी शिक्षक चोवीस वर्षं राहिला.

त्या चोवीस वर्षांत मोईंनी ही खुर्ची कुणाच्याही बुडाखाली उबू दिली नाही. म्वाई किबाकींना दहा वर्षांनी आरोग्य खात्यात ढकललं. जोसेफट करांजा यांच्यावर संसदेत अविश्वासाचा ठराव आणवला. आरोप काय, तर माज करतात, राष्ट्राध्यक्ष परदेशी असताना स्वतःला त्यांच्या जागी समजतात. सव्वा वर्ष व्हायच्या आत ते गेले. मग सैतोती. वॉरिक विद्यापीठाचे गणिताचे डॉक्टर, क्षेत्र बीजीय संस्थिती. आयुष्यभर अवघड सिद्धता मांडलेल्या या माणसाला मोईंच्या मनाचा मात्र थांग लागला नाही. २००२ मध्ये वारस म्हणून केन्याटांचा मुलगा उहुरू पुढे आला आणि सैतोतींना दार दाखवलं गेलं. त्यांच्या जागी आलेले मुसालिया मुडावाडी जेमतेम दोन महिने टिकले, डिसेंबरात स्वतःची खासदारकीही हरले. मोई पायउतार झाल्यावर आलेले मायकेल वामाल्वा आठ महिन्यांत लंडनच्या रुग्णालयात वारले.

२०१० च्या राज्यघटनेने हे सगळं संपवायचं ठरवलं. पदाचं नाव बदलून उपराष्ट्राध्यक्षाऐवजी ‘डेप्युटी प्रेसिडेंट’ झालं, आणि खरी गोष्ट म्हणजे तो मतपत्रिकेवर जोडीने आला. राष्ट्राध्यक्ष वारला तर नव्वद दिवस नव्हे, उरलेली सगळी मुदत त्याची. राष्ट्राध्यक्षाला तो काढता येणार नाही. काढायचा तर महाभियोग, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं. विल्यम रूटो यांना या तटबंदीचा पुरेपूर फायदा झाला. २०१८ मध्ये उहुरू केन्याटांनी विरोधी नेते राइला ओडिंगा, म्हणजे पहिल्या उपराष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव, यांच्याशी हातमिळवणी केली, रूटोंना कोपऱ्यात बसवलं, पण हटवता काही आलं नाही. सरकारात राहून सरकारविरुद्ध प्रचार करत रूटो २०२२ मध्ये ५०.४९ टक्के मतांनी निवडून आले.

त्यांनी जोडीला घेतले होते रिगाथी गचागुआ. केनिया पर्वताभोवतीची मतं हवी होती आणि गचागुआंना तिथली भाषा यायची. भाषाच अडचणीची ठरली. सरकार म्हणजे कंपनी, ज्यांनी जास्त मतं घातली त्यांचे शेअर जास्त, असं ते जाहीर सभांत बोलू लागले. जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध तरुण पोरं संसदेत घुसली, गोळीबार झाला, आणि गचागुआंनी दुसऱ्या दिवशी सरकारच्याच गुप्तचर प्रमुखावर उघड ठपका ठेवला.

८ ऑक्टोबरला राष्ट्रीय सभेने २८२ विरुद्ध ४४ मतांनी महाभियोग मंजूर केला. १७ तारखेला सिनेटमध्ये गचागुआंची साक्ष होती. दुपारी त्यांची जागा रिकामी. छातीत दुखतंय म्हणून रुग्णालयात आहेत, असं वकिलांनी सांगितलं. सिनेट थांबलं नाही. अकरा आरोपांपैकी पाच त्याच रात्री सिद्ध धरले गेले. भ्रष्टाचाराचे आरोप टिकले नाहीत, पण फुटीर भाषणांचा टिकला. सकाळ होताच कायद्याचे प्राध्यापक किथुरे किंडिकी यांचं नाव राष्ट्रीय सभेपुढे आलं आणि लगोलग मंजूरही झालं. न्यायालयाने स्थगिती दिली, मग उठवली. १ नोव्हेंबरला किंडिकींनी शपथ घेतली.

तटबंदी कागदावर शाबूत होती. फक्त दोन तृतीयांश खासदार जमवण्याइतकी ताकद राष्ट्राध्यक्षाकडे असेल तर पूर्वी मर्जीने जे व्हायचं ते आता मतदानाने होतं, एवढंच. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षाबरोबर गचागुआंनाही लोकांनी मत दिलं होतं, त्या लोकांना पुन्हा विचारायचं की नाही, हा मुद्दा खटल्यांत अडकला. किंडिकींनाही हा खेळ नवा नाही. २०२० मध्ये रूटोंचे समर्थक म्हणून त्यांना सिनेटच्या उपसभापतिपदावरून सहकाऱ्यांनी मतदान करूनच उठवलं होतं. गचागुआंनी मे २०२५ मध्ये स्वतःचा पक्ष काढला. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ ची, आणि मतपत्रिकेवर रूटोंच्या नावाशेजारी कुणाचं नाव छापायचं, याची बोलणी नैरोबीत केव्हाच सुरू झाली आहेत.