ल्युपस: आरामाचा सल्ला आणि हृदयाचा हिशेब

उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर स्कूटीवरची दर दुसरी बाई स्कार्फ, सनकोट आणि हातमोज्यांत गुंडाळलेली दिसते. बहुतेकींना काळवंडायची धास्ती असते. एखादीसाठी मात्र हा सगळा जामानिमा औषधाइतकाच गरजेचा असतो, कारण तिला ल्युपस असतो आणि ऊन लागलं की तिचा आजार उसळतो.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका, आणि सुरुवात बहुधा १५ ते ४५ या वयात. गालांवरचा लाल चट्टा, सुजलेले सांधे, गळणारे केस ही लक्षणं आता बऱ्याच जणांना माहीत आहेत. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, तिचं ताट-वाटी वेगळं ठेवायची काही गरज नाही. एवढं सांगून पुढे जाऊ, कारण खरा घोटाळा हृदय आणि स्नायूंच्या बाबतीत आहे.

‘तिशी-पस्तिशीत कसला आलाय हृदयविकार?’

टोरांटोच्या डॉ. मरे युरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच दाखवून दिलं होतं की ल्युपसचे मृत्यू दोन टप्प्यांत होतात. सुरुवातीच्या काळात जीव घेतो तो भडकलेला आजार किंवा जंतुसंसर्ग. काही वर्षांनी, आजार आटोक्यात आला असं वाटत असताना, हार्ट अटॅक. पुढे १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या डॉ. सुझन मान्झी यांनी ल्युपस असलेल्या ४९८ बायकांची तुलना फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध हृदय-अभ्यासातल्या बायकांशी केली. ३५ ते ४४ या वयोगटात हार्ट अटॅकची शक्यता पन्नास पटींहून जास्त निघाली. आकडा ऐकून हबकू नका. या वयाच्या निरोगी बाईला अटॅक येणं मुळातच इतकं दुर्मिळ, की त्याचे पन्नास पट केले तरी बहुतेक जणींना तो येत नाही. पण ‘या वयात होतच नाही’ हे म्हणणं बाद करायला तेवढा आकडा पुरे.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. सततचा दाह रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो. मूत्रपिंडावर परिणाम झाला की ब्लडप्रेशर वाढतं, लघवीतून प्रथिनं जातात आणि त्यापायी कोलेस्टेरॉल चढतं. ल्युपसवर दिलं जाणारं स्टेरॉईड वजन, साखर आणि प्रेशर तिन्ही वाढवू शकतं. काही जणींच्या रक्तात गुठळ्या होऊ देणारी प्रतिपिंडं असतात, ती आणखी वेगळी.

आणि आपल्याकडे छातीत जड वाटलं की घरातून पहिलं वाक्य येतं, ‘पित्त झालंय, ओवा खा.’ बायकांमध्ये अटॅक छातीत कळ न येताही येऊ शकतो. धाप लागणं, जबडा किंवा पाठीचा वरचा भाग दुखणं, मळमळ, घाम, एकाएकी आलेला थकवा एवढ्याच खुणा त्यात दिसू शकतात. ल्युपसमध्ये हृदयाभोवतीच्या आवरणालाही सूज येते. ते दुखणं आडवं पडल्यावर वाढतं आणि पुढे वाकून बसलं की हलकं होतं. दोन्हींत दवाखाना गाठायचा तो लगेच, ओवा खाऊन झोपायचं नाही.

‘अशक्तपणा आहे, टॉनिक घे’

हा सल्ला सगळ्यात निरुपद्रवी दिसतो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो. बाई काय सांगते ते नीट ऐका. जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. बसची पायरी चढताना दांडा धरून अंग वर ओढावं लागतं. वेणी घालताना हात वर धरवत नाहीत. ही दमणूक वेगळी; यात मांड्या, कंबर आणि खांद्यांचे मोठे स्नायू दुबळे झालेले असतात.

त्याची दोन कारणं अगदी उलटी आहेत. स्टेरॉईडचा मोठा डोस बरेच दिवस चालला की स्नायू हळूहळू झिजतात. दुखत फारसं नाही आणि रक्तातलं सीके हे एन्झाइम साधारणतः वाढलेलं नसतं. दुसरीकडे, ल्युपसमुळे स्नायूंनाच सूज आली असेल तर सीके बहुधा वाढतं. पहिल्यात स्टेरॉईड कमी करायचं, दुसऱ्यात कदाचित वाढवायचं. टॉनिकच्या बाटलीला हा फरक कळत नाही, म्हणून तपासणी. जोडीला रक्तक्षय, थायरॉईड आणि ‘ड’ जीवनसत्त्व हेही पाहावं लागतं. उन्हापासून इतकं जपणाऱ्या बाईला ‘ड’ कमी पडलं तर नवल नाही, आणि ते कमी पडलं की स्नायू आणखी ढिले होतात.

‘व्यायाम केलास तर आजार उसळेल’

सासू-सासरे, नवरा, शेजारीण सगळे मायेपोटी म्हणतात, पडून राहा. आजार खरोखर भडकलेला असताना ते योग्यही आहे. पण भडका शमल्यावरही पडूनच राहिलं तर उरलासुरला स्नायूही जातो. खाल्लेल्या अन्नातली साखर शोषणारं शरीरातलं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे स्नायू. तो आटला की साखर, वजन, प्रेशर सगळंच हाताबाहेर जायला लागतं, आणि भार शेवटी हृदयावर पडतो.

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘प्युअर’ पाहणीत भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजली होती. पकड दर ५ किलोंनी कमी, तसा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. अशा मृत्यूचा अंदाज वरच्या ब्लडप्रेशरपेक्षाही पकडीवरून चांगला येत होता. ही पाहणी ल्युपसची नव्हती, आणि पकड वाढवली की हृदय वाचतं असंही तिने सिद्ध केलेलं नाही. पण स्नायू आणि हृदय हे दोन वेगळे विषय नाहीत, एवढं त्यातून दिसतं.

खुद्द ल्युपसमध्ये काय दिसलं? लंडनमध्ये २००३ साली झालेल्या चाचणीत बारा आठवडे बेताचा व्यायाम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांनी बरंच बरं वाटतं असं सांगितलं; काहीच न करणाऱ्यांत असं म्हणणारे सहांत एक. आजार वाढला नाही. स्पेनमध्ये ग्रॅनाडाला झालेल्या अभ्यासात बायकांचा दम वाढला, मात्र बारा आठवड्यांत रक्तवाहिन्यांचा ताठरपणा किंवा दाह कमी झाला नाही. म्हणजे चमत्कार नाही, पण उसळी येईल ही भीतीही खरी ठरली नाही. संधिवाताच्या युरोपीय तज्ज्ञांची संघटना आता ल्युपसच्या रुग्णांना व्यायाम सुचवते.

‘घरकाम करते की, तोच व्यायाम’ हे तर आपल्या शहरात हटकून ऐकू येतं. काही दिवसांच्या खंडानंतर नळाला पाणी येतं आणि त्या तासाभरात हंडे, बादल्या, ड्रम भरताना जीव मेटाकुटीला येतो. ताकद लागते, कबूल. पण ती धांदल आहे: भार अचानक, वाकून, दुखऱ्या मनगटावर, आणि नंतर चार दिवस काही नाही. स्नायू वाढतो तो थोडा थोडा, ठरावीक दिवशी, हळूहळू वाढवत नेलेल्या भाराने.

सुरुवात खुर्चीपासून करा. हात छातीवर बांधून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते तारखेसह लिहून ठेवा. आठवड्यातून दोन दिवस हेच, शिवाय भिंतीला हात टेकून दंड, एक लिटरची पाण्याची बाटली हातात धरून कोपर वाकवणं. इतर दिवशी चालणं. बोलता यावं पण गाता येऊ नये इतपत वेग. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुष्कळ झाली. विद्यापीठाचा परिसर, हिमायत बाग, जिथे जाल तिथून ऊन चढायच्या आत परत. ताप, छातीत दुखणं, लघवीत नव्याने प्रथिनं किंवा सांध्यांना ताजी सूज असेल तर थांबायचं. आणि जांघेत दुखत असेल तर व्यायाम वाढवण्याआधी खुब्याचा एमआरआय करायचा की कसं, हे डॉक्टरांना विचारायचं. स्टेरॉईडमुळे तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

‘मलेरियाची गोळी आणि स्टेरॉईड, दोन्ही सोडून दे’

स्टेरॉईड एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं. ते डॉक्टरांच्या हातानेच उतरवायचं. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणावं, जमल्यास बंद करावं, असं आताचं उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, म्हणजे ती ‘मलेरियाची गोळी’, मात्र वर्षानुवर्षं चालवायचं औषध. ते उसळ्या आणि गुठळ्या कमी करतं, साखर-कोलेस्टेरॉललाही थोडा हातभार लावतं. २०२०च्या मार्चमध्ये कोविडवर चालेल म्हणून सगळे या गोळीवर तुटून पडले, निर्यातीवर बंदी आली, आणि जिला ती रोज लागते तिलाच मेडिकल दुकानातून रिकाम्या हाताने परतावं लागलं. डोस साधारण वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत. डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा तपासायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्याआधीपासूनच.