भाग ३८ : पाचवा केक आणि इतिहासाचा पेपर

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' काढले आहेत, 'म्हणजे' आणि 'ना' मात्र बरेच राहिलेत. चालवून घ्या.)

कानात इअरफोन घालून बसमध्ये, लोकलमध्ये, नाहीतर भांडी घासता घासता ऐकताय ना? ऐका. आजचा विषय आहे अंध मुलींची एक निवासी शाळा. शाळेचं नाव मी सांगणार नाही, कारण मी जे सांगणारे ते बऱ्याच शाळांना लागू आहे, आणि त्यातली एक चूक तर माझीच आहे. ती मधे येईल.

पहिल्यांदा मी त्या शाळेत गेले ते मैत्रिणीच्या वाढदिवसाला. आम्ही सहाजणी, मोठा केक, वेफर्सची पाकिटं, फुगे. फुगे कशाला नेले होते देव जाणे. मुलींनी छान 'हॅपी बर्थडे' म्हटलं, केक खाल्ला. मग वसतिगृहाच्या अधीक्षिका, ज्यांना सगळ्या मुली काकू म्हणतात, त्या हळूच म्हणाल्या, "आजचा हा पाचवा."

तारीख होती ३ डिसेंबर. जागतिक दिव्यांग दिन. सकाळपासून चार ग्रुप येऊन गेले होते. संध्याकाळी कुणीच जेवलं नाही, आणि रात्री दोघींची पोटं बिघडली.

आता तुम्ही म्हणाल, मग काकू नाही का म्हणत नाहीत? मीपण विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, मागे एकजण केक घेऊनच आले होते. पुढच्या वर्षी त्यांनीच पाण्याचा फिल्टर बसवून दिला. कोण कधी काय देईल सांगता येतं का?" म्हणजे केक हा शाळेच्या दृष्टीने ओळख होण्याचा मार्ग आहे. त्यामुळे केक नेणाऱ्यांना हसायचं नाहीये मला. पण तारखा बघा ना. ३ डिसेंबर, ४ जानेवारी म्हणजे लुई ब्रेलची जयंती, १५ ऑगस्ट. या दिवशी गर्दी. आणि जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत, म्हणजे शाळेला माणसं खरोखर हवी असतात तेव्हा, फाटकाशी कुणी नाही.

तेव्हा कशाला माणसं हवी असतात? लेखनिक म्हणून. इंग्रजीत स्क्राइब म्हणतात. दहावी-बारावीचा पेपर शाई-कागदावर लिहायचा असतो, तपासणाऱ्यांना ब्रेल येत नसतं. म्हणून मुलगी उत्तर सांगते आणि दुसरं कुणीतरी ते लिहून काढतं. ही मेहरबानी नाही बरं का. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा जो कायदा आहे, त्याच्या १७व्या कलमात परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक या सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो.

पण हक्क कागदावर असला तरी चार तास बसणारा माणूस सरकार घरी पाठवत नाही. तो बहुतेक वेळा शाळेलाच शोधावा लागतो. आणि गोची अशी की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा लागतो, म्हणजे त्याने स्वतःच उत्तरं घुसडू नयेत. दहावीला नववीतला, बारावीला अकरावीतला. इंजिनीयर झालेला मोठ्या मनाचा दादा इथे उपयोगाचा नाही. (नियम परीक्षेप्रमाणे वेगळे असतात आणि बदलतातही, त्यामुळे आधी शाळेला किंवा परीक्षा केंद्राला विचारायचं.) विचार करा, नववीतलं पोर, त्याचे आईवडील, त्याची शाळा, एवढ्या सगळ्यांनी हो म्हणायचं, तेव्हा एक लेखनिक मिळतो. आणि अशा दहा-बारा मुली असतात, प्रत्येकीचे सहा-सात पेपर.

आता माझी कबुली.

केकनंतर दोनेक महिन्यांची गोष्ट. मी अकरावी कॉमर्सला होते. वसतिगृहात राहून बाहेरच्या कॉलेजात बारावी आर्ट्स करणारी एक ताई होती. तिच्या पूर्वपरीक्षेसाठी काकूंनी मला विचारलं आणि मी उत्साहात हो म्हटलं. इतिहासाचा पेपर, सकाळी अकराला. आदल्या रात्री घरात ठरलं की मावसबहिणीच्या साखरपुड्याला सगळ्यांनी जायचं. मी दहा वाजता काकूंना मेसेज टाकला, "सॉरी काकू, उद्या जमत नाहीये, अर्जंट आहे." पुढे हात जोडलेला इमोजी. आणि झोपले.

पुढे काय झालं ते मला वर्षभराने त्या ताईनेच सांगितलं. काकूंनी मेसेज सकाळी सहाला बघितला. कॉलेजमधल्या शिपायांनी ओळखीतल्या एका मुलाला घरून बोलावून आणलं, तो पोचेपर्यंत पन्नास मिनिटं गेली होती. त्याला इतिहासातली नावं लिहायची सवय नव्हती, प्रत्येक नाव अक्षर अक्षर सांगावं लागलं. शेवटचे दोन प्रश्न राहिले. येत होते, पण राहिले. पूर्वपरीक्षाच होती म्हणून निभावलं. ताई हसत हसत सांगत होती. वर मलाच विचारलं, "साखरपुडा कसा झाला?"

म्हणून सांगते, लेखनिक व्हायचं असेल तर पहिली गोष्ट म्हणजे जायचं. नाव देताना आपल्याबरोबर बदली माणसाचंही नाव द्यायचं. आणि अडचण आलीच तर मेसेज टाकून झोपायचं नाही, फोन करायचा, समोरून आवाज ऐकू येईपर्यंत करायचा.

बाकीचं मी नंतर शिकले, चार पेपर लिहून. प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचून दाखवायची, अगदी 'कोणतेही तीन' आणि कंसातल्या सूचनांसकट, कारण कुठला प्रश्न सोडायचा हे तिने ठरवायचं असतं. ती सांगेल तेच लिहायचं. चुकतंय असं वाटलं तरी घशातून 'हं?' असा आवाजसुद्धा काढायचा नाही, तेवढ्यावर तिला कळतं. वेळ दर अर्ध्या तासाने सांगायचा. लिहून झाल्यावर परत वाचून दाखवायचं. आणि शुद्धलेखन! तिला ऱ्हस्व-दीर्घ पक्कं येत असतं, वेलांटी मी चुकवते आणि मार्क तिचे जातात. म्हणून पेपरच्या आधी एकदा दोघींनी बसून सराव करायचा. तिचा बोलायचा वेग आणि आपला लिहायचा वेग जुळायला तासभर लागतोच.

आता बातम्यांकडे येते, कारण आजच्या भागाचं अर्धं कारण ते आहे.

शाळेच्या व्हरांड्यात फळ्यावर वर्तमानपत्रातली कात्रणं लावलेली असतात. एकदा दहावीतल्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, यात आमच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा ना." मी वाचायला लागले. दृष्टिहीन मुलींच्या चेहऱ्यावर हास्य फुललं, अमुक मंडळातर्फे ब्लँकेटवाटप, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, अशी अकरा नावं. मुलगी शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आणि आमचं?" त्यात एकाही मुलीचं नाव नव्हतं. त्याच आठवड्यात तिच्या वर्गाने जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलं होतं, ते कुठेच नव्हतं. आणि कात्रण लावलं होतं कुठे, तर जिथे ते वाचू शकणारं शाळेत फार कमी आहे अशा फळ्यावर.

शाळेची खरी बातमी रोज सकाळी परिपाठात असते. तुमच्या शाळेत होता ना परिपाठ? सुविचार, दिनविशेष, बातम्या. इथे ज्या मुलीची पाळी असते ती सकाळी रेडिओवर प्रादेशिक बातम्या ऐकते आणि ब्रेलच्या पाटीवर टोचून टिपणं काढते. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचायचं. सगळा मामला सहा टिंबांचा, आणि भारती ब्रेलमध्ये मराठीचा 'क' आणि बंगालीचा 'क' एकच. मग ती परिपाठात बोटांनी वाचत बातम्या सांगते: मुख्यमंत्री काय म्हणाले, पाऊस कुठे पडला, आणि शेवटी 'शाळेच्या बातम्या': कोण आजारी, कोणाची आई भेटायला येणार, कोणत्या नळाला पाणी नाही. मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं बातमीपत्र ते.

पण ही बातमी शाळेच्या बाहेर जाते कशी? व्हॉट्सॲपवर. आणि तिथे घोटाळा आहे. पालकांच्या ग्रुपवर एकदा नोटीस आली, दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिराची. लेटरहेडवर टाइप केलेली, शिक्का मारलेली, मोबाइलवर फोटो काढून टाकलेली. ग्रुपमध्ये एक वडील स्वतः अंध आहेत. त्यांच्या फोनमधल्या टॉकबॅकने त्यांना काय वाचून दाखवलं? 'फोटो.' बस्. तीनचार आया अशा की ज्यांना वाचता येत नाही, ऊसतोडीला जातात. त्यांनाही तो फोटोच. शिबिर होऊन गेल्यावर त्यांना कळलं.

तुम्ही एक करून बघा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक, चालू करा. (बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा, नाहीतर मला शिव्या घालाल. चालू झालं की उघडायला दोनदा टॅप करावं लागतं.) आता डोळे मिटून तुमच्या कुठल्याही ग्रुपवरच्या नोटिसा उघडा. किती वाचून दाखवतो बघा. पीडीएफचंही तसंच. स्कॅन केलेली असली तर आत अक्षरंच नाहीत. आणि श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असली तर स्क्रीन रीडर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काहीतरी काला बडबडतो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तरच नीट वाचतो.

शाळेच्या क्लार्कसरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघी मैत्रिणींनी त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड टाकून दिला, बोलून टाइप करायचं दाखवलं. आता ते नोटीस मजकुरात टाकतात, खाली चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, आणि मग हौस म्हणून शिक्क्याचा फोटोही. काकूंच्या मते या एका बदलाने पालकांचे निम्मे फोन कमी झाले. खर्च शून्य. आमचे दोन शनिवार गेले.

म्हणजे मदत म्हटली की आपल्याला वस्तू आठवतात, पण अशा शाळांना आपल्यासारख्या मोबाइलवाल्या पोरांचा वेगळाच उपयोग आहे. वाचून रेकॉर्ड करणं हे दुसरं उदाहरण. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला, त्यामुळे दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देता येतं. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' नावाची ऑनलाइन लायब्ररीही आहे. तरी ऐनवेळी मिळालेल्या मराठी नोट्स, झेरॉक्सची पानं, कॉलेजातल्या सरांनी फळ्यावर लिहिलेलं, हे कुठल्याच लायब्ररीत नसतं. ते कुणीतरी वाचून द्यावं लागतं. वाचताना धड्याचं नाव आणि पान नंबर सांगा, चित्र किंवा तक्ता असेल तर त्यात काय आहे ते सांगा, आणि कृपा करून मागे म्युझिक लावू नका. मी लावलं होतं. पॉडकास्टवाली ना. एका मुलीने निरोप पाठवला, "ताई, तबला छान आहे, पण व्याख्या ऐकू येत नाही."

थोडं मागचं सांगते. मुंबईत ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली ती १९०० साली. ती आज दादरला कमला मेहता अंध शाळा म्हणून ओळखली जाते. म्हणजे या कामाला आपल्याकडे सव्वाशे वर्षं झाली. राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग मात्र डिसेंबर २०२२ मध्ये झाला. बऱ्याच विशेष शाळा संस्था चालवतात. काहींना अनुदान, काहींना नाही, आणि अनुदान असलं तरी लेखनिक, वाचक, कीबोर्ड शिकवणारं माणूस हे त्यात कुठे बसत नाही.

आणि हो, शब्दांवरून दरवेळी कमेंट येतात. अंध म्हणायचं, दृष्टिहीन, का दिव्यांग? मी मुलींना विचारलं. एक म्हणाली, "नावाने हाक मारा."

शेवटचं. यंदाची यादी काकूंनी जानेवारीतच करायला घेतलीय. मी आता चालणार नाही, माझं शिक्षण जास्त झालंय. माझी धाकटी बहीण नववीत आहे, तिने मराठी आणि भूगोल असे दोन पेपर घेतलेत. काकूंनी तिचं नाव लिहिलं, आईचा नंबर घेतला, बाबांचा घेतला, शेजारच्या काकांचाही घेतला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मार्चमध्ये तुमच्याकडे कुणाचं लग्नबिग्न नाही ना गं?"