घसा, गिरणगाव आणि पाकिटावरचा विंचू

टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना राहण्यासाठी लालबाग-करी रोड भागातील सुखकर्ता आणि विघ्नहर्ता या सोसायट्यांमधील म्हाडाच्या शंभर सदनिका देण्याचे ठरले, मे २०२१ मध्ये शरद पवार यांच्या हस्ते चाव्याही दिल्या गेल्या, आणि जून महिन्यात स्थानिक रहिवाशांच्या विरोधामुळे व तेथील आमदारांच्या तक्रारीमुळे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी या निर्णयाला स्थगिती दिली. गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी लगोलग बॉम्बे डाइंगच्या जागेवरील शंभर पर्यायी सदनिका जाहीर केल्यामुळे वर्तमानपत्रांपुरते प्रकरण मिटले. करोनाचा काळ होता आणि गर्दीची धास्ती सर्वस्वी खोटी नव्हती, हे मान्य करूनही, ज्या गिरणगावाच्या मधोमध हे रुग्णालय १९४१ पासून उभे आहे त्याच गिरणगावाला त्याचे रुग्ण शेजारी नकोसे व्हावेत, ही बाब जिव्हारी लागणारी होती. ऐंशी वर्षांच्या शेजारानंतरही या वस्तीला या रोगाची ओळख का झाली नाही, हा प्रश्न त्या निमित्ताने उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी घोडपदेवसारखी वस्ती आणि घशाच्या कर्करोगासारखा लपून वाढणारा आजार यांचा एकत्रित मागोवा घेणे उपयोगी ठरते.

पहिल्या चाळीस वर्षांचा इतिहास थोडक्यात उरकता येतो, कारण तो रुग्णालयाचा इतिहास आहे, रुग्णाचा नव्हे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय सुरू झाले, १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले, डॉ. खानोलकरांनी तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावर मूलगामी काम केले, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. या सगळ्या गौरवगाथेत घोडपदेवचा कामगार आढळतो तो फक्त नोंदणीतील एक आकडा म्हणून.

भायखळा, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मध्ये वसलेल्या घोडपदेवच्या एका अंगाला गोदीची कापसाची व धान्याची गोदामे होती, दुसऱ्या अंगाला न्यू हिंदसारख्या गिरण्या, आणि घाटावरून व कोकणातून आलेली माणसे या दोहोंच्या धुळीत राबत होती. साचेखात्यातील गोंगाटात एकमेकांशी ओरडून बोलावे लागे, कापसाचे तंतू छातीत जात, पहाटेच्या पाळीला बिडीची सोबत असे आणि पगाराच्या दिवशी दारूची. अशा माणसाचा घसा बसला तर त्याचे कारण शोधण्याची गरज कोणालाच वाटत नसे, कारण कारणे ढिगाने समोर होती. गणपतीत ओरडून बसला, भजनात बसला, कापसाने बसला. हळद-मिठाच्या गुळण्या कराव्यात आणि कामावर जावे, एवढाच त्यावरचा उपचार.

तरीही त्या काळात एक सोय होती, आणि तिची आठवण आज कोणी काढत नाही. मुंबईत १९५४ पासून लागू झालेल्या कामगार राज्य विमा योजनेमुळे गिरणी कामगाराला ठरलेला विम्याचा डॉक्टर असे. तो फार मोठा विद्वान होता असे नव्हे, रांगा लांब होत्या आणि औषधे ठरावीक होती. पण तोच माणूस वर्षानुवर्षे त्याच डॉक्टरसमोर बसत असल्यामुळे ‘तुझा आवाज दिवाळीपासून असाच आहे’ असे म्हणणारा कोणीतरी अस्तित्वात होता, आणि त्याची चिठ्ठी परळच्या कामगार रुग्णालयापर्यंत पोहोचवत होती. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, नोकरी गेली, विम्याचे कार्ड निरुपयोगी झाले, आणि घशाच्या कर्करोगाचे वय, म्हणजे पन्नाशी-साठी, ज्यांना त्यानंतर गाठायचे होते त्यांचा तो एकमेव ओळखीचा डॉक्टरही त्यांच्यापासून तुटला. संपावर इतके लिहिले गेले, पण त्यात गेलेल्या या चिठ्ठीचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

ती चिठ्ठी का मोलाची होती हे समजण्यासाठी घशाची रचना पाहावी लागते. सामान्य बोलण्यात ज्याला घसा म्हणतात तो एक अवयव नसून, नाकाच्या मागून अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत उतरणारी ग्रसनी नावाची स्नायूंची नळी आणि तिच्या खालच्या भागासमोर असलेले स्वरयंत्र असा जोड आहे. ग्रसनीचे तीन मजले मानले जातात: नाकामागचा वरचा भाग म्हणजे नासाग्रसनी, टॉन्सिल व जिभेचे मूळ असलेला मधला भाग म्हणजे मुखग्रसनी, आणि स्वरयंत्राच्या मागचा व बाजूचा खालचा भाग म्हणजे अधोग्रसनी. गाठ कोणत्या मजल्यावर आहे यावर ती केव्हा बोलू लागेल हे ठरते. स्वरतंतूंवर उगवलेली अगदी लहान गाठही त्यांच्या कडा नीट मिटू देत नाही, म्हणून आवाज लवकर बदलतो. शिवाय स्वरतंतूंना रसवाहिन्या फार थोड्या असल्याने तेथून रोग मानेतील गाठींपर्यंत उशिरा पोहोचतो, आणि या टप्प्यावर केवळ किरणोपचाराने दहापैकी आठ-नऊ रुग्ण बरे होऊ शकतात. अधोग्रसनीची गाठ मात्र बराच काळ मुकी राहते. घास अडकल्यासारखा वाटणे, कानात कळ येणे (घसा आणि कान यांच्या संवेदना काही समान मज्जातंतूंतून जातात म्हणून) किंवा मानेला गाठ येणे अशी लक्षणे दिसेपर्यंत ती बरीच पसरलेली असते. तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज दुर्बिणीने पाहून घ्यावा, हा जगभर मान्य असलेला नियम एवढ्यासाठीच आहे, आणि मागोवा घेण्याजोगे जे दशक, २००२ ते २०१२, त्यात या एका वाक्याला सार्वजनिक जागा कोठेच मिळाली नाही, ही त्या दशकाविरुद्धची मुख्य तक्रार आहे.

त्या दशकात जागृतीचा गाजावाजा कमी नव्हता. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढत होते, मार्च २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना मोकळे रान मिळाले होते, आणि उरलेल्या चाळींच्या नाक्यांवर पानाच्या टपऱ्यांना पुड्यांची तोरणे लागली होती. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती दोन वर्षांत, ऑगस्ट २००४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने असा अधिकार राज्याच्या अन्न खात्याला नाही म्हणून रद्द ठरवली, आणि तोरणे पुन्हा उघडपणे झुलू लागली. याच सुमारास फिल्मफेअर पुरस्कारांच्या नावापुढे माणिकचंद हे गुटख्याचे नाव लागत होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. आज तंबाखूविरुद्ध कळवळ्याने बोलणाऱ्या चित्रपटसृष्टीने ते मंच आठवून पाहावेत. २००३ चा केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आली, आणि अखेर ३१ मे २००९ पासून पाकिटांवर सचित्र इशारे छापणे सक्तीचे झाले. वर्षानुवर्षे लांबणीवर पडलेल्या या इशाऱ्यांतून खाण्याच्या तंबाखूच्या पुडीवर जे चित्र अवतरले ते होते विंचवाचे. पुडीच्या दर्शनी भागाच्या चाळीस टक्के जागेत विंचू! ज्या माणसाला गालात भरणारी जखम किंवा बसलेला आवाज ओळखायला शिकवायचे, त्याला विंचू दाखवून नेमके काय कळणार होते, याचे उत्तर उद्योगाच्या दबावापुढे वाकलेल्या त्या वेळच्या धोरणकर्त्यांनी द्यायला हवे होते. बिडी-सिगारेटवर फुप्फुसे आली. घसा कोठेच आला नाही.

घशाचे चित्र यायला १ एप्रिल २०१६ उजाडावा लागला. त्या दिवसापासून इशाऱ्याने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला आणि धूम्रपानाच्या पाकिटांवर मान फोडून बाहेर आलेला कर्करोग दिसू लागला. तेही चित्र शेवटच्या अवस्थेचे होते. ज्याचा आवाज नुकता महिनाभर घोगरा आहे, अशा माणसाला त्यात स्वतःची ओळख पटण्याचे कारण नव्हते, उलट आपल्याला हे झालेले नाही असा दिलासाच त्याला मिळत असावा. सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर व्यसनमुक्तीचा दूरध्वनी क्रमांक छापला जाऊ लागला, ही मात्र निखळ उपयोगाची सुधारणा. डान्सबार बंद करून गाजलेले आर. आर. पाटील, ज्यांच्या तंबाखूच्या सवयीची चर्चा जाहीरपणे होत असे, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले तेव्हा काही काळ राज्य हळहळले; पण तेव्हाही बोलणे तोंडाच्या कर्करोगावर झाले, घशावर नाही.

नासाग्रसनीच्या कर्करोगाची गोष्ट तर या सगळ्या प्रचाराच्या कक्षेबाहेरचीच आहे. दक्षिण चीन, आग्नेय आशिया आणि आपल्याकडे नागालँड येथे तो अधिक आढळतो. मुंबईत त्याचे प्रमाण दरवर्षी लाखामागे एकाहूनही कमी असते. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा १९६४ मध्ये शोधला गेलेला एपस्टाइन-बार विषाणू असतो, जो बालपणी जवळजवळ सगळ्यांनाच होऊन जातो आणि मोजक्याच माणसांत, अनुवंश व आहार यांची जोड मिळून, पुढे रोगाला कारण होतो. त्यामुळे तंबाखूला कधी हात न लावलेला तरुण माणूसही या आजाराने गाठला जातो, आणि व्यसनाच्या चौकटीतच कर्करोग समजलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत विनाकारण आरोपी ठरतो. नाकातून रक्ताचा अंश येणे, एकाच कानाला दडा बसणे (गाठीमुळे नाक व कान जोडणारी नलिका बंद होऊन मधल्या कानात पाणी साचते म्हणून), एकाच्या दोन वस्तू दिसणे आणि मानेत गाठ येणे ही त्याची लक्षणे. मानेत गाठ म्हटली की चाळीत पहिला संशय क्षयाचा, आणि तो निराधारही नाही; परंतु सुईने पेशी काढून तपासल्याशिवाय क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या तर महिनेच्या महिने वाया जातात. हत्यार लागले की रोग भडकतो, या समजुतीमुळे तुकडा तपासायला देण्यास नकार देणारे घरचे लोक या विलंबात भर घालतात. तपासणीच्या तुकड्यामुळे रोग पसरतो या समजुतीला आधार नाही, हे त्यांना शांतपणे सांगण्याइतका वेळ बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरकडे क्वचितच असतो.

तो वेळ दुसऱ्या रुग्णांकडे असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात राहणारी, हिरव्या-पिवळ्या फायली सांभाळणारी माणसे जे ज्ञान एकमेकांना देतात ते कोणत्याही पत्रकापेक्षा नेमके असते. नाकामागचा भाग कवटीच्या तळाशी असल्याने तेथे पहिला उपचार शस्त्रक्रियेचा नसून किरणांचा, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘लाईट’चा असतो, सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, चेहऱ्यावर प्लास्टिकचा साचा घट्ट बसवून, रोग पुढे गेलेला असेल तर जोडीला सिसप्लॅटिन हे औषध. लाईट सुरू होण्याआधी किडके दात काढून घ्यावेत, कारण नंतर जबड्याचे हाड भरून येत नाही. तोंड उघडण्याचा व्यायाम कंटाळा न करता करावा. लाळ आटेल, चव जाईल, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळवेनासे होईल आणि नाकातून नळी घालावी लागली तरी ते हरल्याचे लक्षण नव्हे. लाळग्रंथी वाचवणारी नव्या पद्धतीची किरणयोजना मिळाली तर तोंडाचा कोरडेपणा कमी होतो, हेही नव्या माणसाला तेथेच कळते.

जुलै २०१२ हा महिना या मागोव्यात वेगळा काढावा लागतो. त्या महिन्याच्या २ तारखेला मुंबईसह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, जिने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतच्या उपचारांची सोय दिली, आणि २० तारखेला राज्यात गुटखाबंदी पुन्हा, या वेळी केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने, लागू झाली. बंदीला टपरीने दोन पुड्यांचे उत्तर दिले, एकीत सुपारी-मसाला आणि दुसरीत तंबाखू. पानमसालाही बंदीत होता, पण मिळायचा थांबला नाही. योजना मात्र टिकली, पुढे महात्मा फुल्यांचे नाव घेऊन वाढली, आणि गेलेल्या विम्याच्या कार्डाची निम्मी भरपाई तिने केली. निम्मीच, कारण ती रोग ठरल्यानंतर कामाला येते. बसलेल्या आवाजापासून दुर्बिणीपर्यंतचे अंतर अजूनही रुग्णाने स्वतःच्या अकलेने कापायचे असते. घोडपदेवपासून टाटा किंवा केईएम दोन-अडीच किलोमीटरवर आहे, तरीही बहुतेक ठिकाणी आधी नाक्यावरच्या दवाखान्यातील प्रतिजैविकांचे दोन-तीन फेरे होतात, कारण तेथे स्वरयंत्र पाहण्याचा साधा आरसाही नसतो.

उशीर झालेल्यांपैकी अनेकांचे स्वरयंत्र काढावे लागते आणि श्वासासाठी मानेच्या पुढच्या बाजूला कायमचे छिद्र ठेवावे लागते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवून अशा माणसाला पुन्हा बोलते करण्याची पद्धत अमेरिकेत १९८० च्या आसपास रूढ झाली. परदेशी झडप हजारो रुपयांची असते आणि ती काही महिन्यांनी बदलावी लागते, म्हणून बंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी सुमारे पन्नास रुपये किमतीची झडप तयार केली तेव्हा तिचे कौतुक झाले ते योग्यच होते. झडप नसलेला माणूस पाटीवर लिहून किंवा मानेला यंत्र लावून बोलतो, आंघोळीला छिद्रावर आडोसा धरतो, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून मानेला रुमाल बांधून जिन्याने चढतो-उतरतो. त्याच्याशी बोलताना शेजारी उगाचच मोठ्याने बोलतात, जणू त्याला ऐकूच येत नाही.