काली, मिंट, आर्च आणि आपली पायरी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला शेजारचा मुलगा नवा लॅपटॉप घेऊन आला. "काका, काली लिनक्स टाकून द्या ना." कशाला, तर लिनक्स शिकायचंय! काळ्या पडद्यावरचा ड्रॅगन भारी दिसतो, हे कबूल. पण काली म्हणजे सुरक्षा तपासणाऱ्यांची हत्यारांची पेटी. लिनक्सची ओळख नसेल तर इथून सुरुवात करू नका, असं ती बनवणारेच लिहून ठेवतात. आणि एनमॅप, वायरशार्क ही त्यातली नेहमीची हत्यारं उबुंटूसारख्या साध्या डिस्ट्रोवरही (लिनक्सच्या तयार संचावरही) एका कमांडने येतात.

याच्याच शेजारी दुसरा गैरसमज नांदतो: मिंट म्हणजे बालवाडी, फेडोरा म्हणजे कॉलेज आणि आर्च म्हणजे पीएचडी. कर्नल, म्हणजे आतला गाभा, सगळीकडे लिनक्सचाच, लिनस टॉरवाल्ड्सने 1991 मध्ये हेलसिंकीत लिहायला घेतलेला. मिंटच्या टर्मिनलमध्येही आर्चइतकंच शिकता येतं. खरा फरक आहे तो निर्णय कोण घेतं आणि बदल किती वेळा येतात, यात. मिंट-उबुंटू म्हणजे किल्ली लावून राहायला जायचा फ्लॅट. आर्च म्हणजे प्लॉट: डेस्कटॉप कुठला, इथपासून सगळं तुम्ही ठरवायचं. तिथे अपडेट सतत येत राहतात आणि ते घेण्याआधी सूचना वाचणं हे तुमचं काम. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ आधाराची) आवृत्ती दोन वर्षांनी एकदा येते, तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि जुन्या आवृत्तीला तेरा महिन्यांच्या आसपास निरोप देते. म्हणजे प्रश्न हुशारीचा कमी, सवडीचा जास्त. खुद्द टॉरवाल्ड्स अनेक वर्षं फेडोरा वापरत आलाय. डिस्ट्रो झटपट बसावी आणि आपण कर्नलच्या कामाला लागावं, एवढीच त्याची अपेक्षा.

"टर्मिनल आल्याशिवाय चालत नाही" हेही आता जुनं झालं. मिंटमध्ये ब्राउझर, लिबरऑफिस, अपडेट, सगळं माउसनेच होतं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं उबुंटूवर आधारलेल्या लिनक्सवरच संगणक शिकतात. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो.

"जुना पीसी लिनक्सने पळतो" हे मात्र अर्धंच खरं. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हापासून हे वाक्य फार ऐकू येतं. दोन जीबी रॅमवर ग्नोमचा जड डेस्कटॉप रखडणारच; तिथे एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप बरे. तरी ब्राउझरचे दहा टॅब उघडलेत तर कुठलीही डिस्ट्रो मदतीला येत नाही. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपला चार जीबी तरी द्या. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकलीत तर फरक डिस्ट्रो बदलण्यापेक्षा जास्त जाणवेल.

टॅलीवर हिशेब असेल किंवा जुन्या फाइली श्रीलिपीत असतील, तर विंडोज पुसू नका. बाकीच्यांनी मिंट पेनड्राइव्हवर घ्यावं आणि न बसवताच आठवडाभर चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासावा. बसवायचं ठरलं, की आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा. "इरेज डिस्क" हा पर्याय विंडोजसकट सगळं पुसतो.