बिनआरशाचा कॅमेरा निवडताना

गेल्या वर्षी माझी एक माजी विद्यार्थिनी प्रयोगशाळेत भेटायला आली. हातात नवा कोरा, छोटासा कॅमेरा होता. पण चेहरा उतरलेला होता. तिच्या आजीची पंच्याहत्तरी नुकतीच घरी साजरी झाली होती. संध्याकाळी खोलीतले मोठे दिवे मालवून घरातल्या बायकांनी ७५ दिव्यांनी आजीला ओवाळले. त्या प्रसंगाची छायाचित्रे काढण्यासाठीच तिने पहिल्या सहा महिन्यांच्या पगारातून पैसे साठवून तो कॅमेरा घेतला होता.

“सर, सकाळी अंगणात काढलेली चित्रे पाहा, किती छान आली आहेत! आणि ही ओवाळतानाची पाहा. आजीचा चेहरा पुसल्यासारखा दिसतो आणि आईच्या हाताच्या जागी नुसता धूसर पट्टा. कॅमेरा खराब निघाला का? दुकानदार म्हणतात, हा विकून याहून मोठा घ्या.”

कॅमेरा खराब नव्हता. चूक झाली होती ती निवडताना, आणि ती चूक पुष्कळांची होते. मित्रहो, तुमच्या घरी आज ना उद्या कॅमेरा घ्यायचा विषय निघेलच. तेव्हा जाहिरात वाचण्याआधी शाळेत शिकलेला प्रकाशाचा धडा आठवून आपण थोडा हिशोब करू.

आरसा आला कोठून आणि गेला का?

‘मिररलेस’ म्हणजे बिनआरशाचा. पण आरसा नसलेले कॅमेरे काही नवे नाहीत. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यांनी तयार केलेला ‘लायका’ १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला, त्यात आरसा नव्हता. तुमच्या आजोबांच्या कपाटात कदाचित सापडेल त्या ‘आग्फा क्लिक ३’मध्येही नव्हता. या कॅमेऱ्यांत चित्र घेणारे भिंग वेगळे आणि आपण डोळा लावायची खिडकी वेगळी. अंगठा डोळ्यांसमोर धरून एकदा डावा व एकदा उजवा डोळा मिटून पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटतो. तसेच येथे होई. खिडकीतून सारे कुटुंब नीट दिसे आणि चित्रात मात्र जवळच्या माणसाचे डोके कापले जाई.

यावर उपाय म्हणून भिंगाच्या मागे ४५ अंशांत कललेला आरसा आला. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर दुधी काचेवर जातो, तेथून पंचकोनी लोलकातून डोळ्यापर्यंत पोहोचतो. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, झडप उघडते आणि प्रकाश फिल्मवर पडतो. युक्ती उत्तम, पण आरशाला हलायला जागा हवी. निकॉन कंपनीच्या १९५९ सालच्या आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग बसवायच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते.

फिल्मला काय दिसते ते ती धुतल्याशिवाय कळत नसे, म्हणून आरसा लागत होता. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हे साधन शोधले. त्यातून पुढे प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे चित्रसंवेदक तयार झाले. या शोधासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संवेदक आपल्याला दिसणारे चित्र क्षणोक्षणी पडद्यावर पाठवू शकतो. मग आरसा हवा कशाला? २००८ साली जपानच्या पॅनासॉनिक कंपनीने ‘ल्युमिक्स जी १’ हा बदलत्या भिंगांचा बिनआरशाचा कॅमेरा आणला. त्याच निकॉन कंपनीने २०१८ साली आणलेल्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत वरील अंतर फक्त १६ मिलिमीटर आहे. म्हणजे जाडी तीन सेंटिमीटरनी घटली, शिवाय डोक्यावरचा लोलकही गेला. याचा मोबदला मात्र विजेने द्यावा लागतो. पडदा आणि संवेदक सतत चालू असल्याने बॅटरी लवकर उतरते. म्हणून किमतीत एका जादा बॅटरीचा खर्च धरावाच.

परात आणि वाटी

आता मुख्य मुद्दा. आरसा काढून डबा लहान करता येतो. प्रकाश लहान करता येत नाही.

पावसात एक परात आणि एक वाटी ठेवली आहे असे समजा. सारख्याच वेळात परातीत जास्त थेंब पडतील हे उघड आहे. प्रकाशही असाच कणाकणांनी, म्हणजे फोटॉनांनी, संवेदकावर पडतो आणि थेंबांप्रमाणेच त्यांची संख्या थोडी कमीजास्त होते. संख्याशास्त्र सांगते की सरासरी १०० कण येणार असतील तर साधारण १० चा फरक पडतो, म्हणजे १० टक्के. १०,००० येणार असतील तर फरक १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. अंधुक उजेडातल्या चित्रात जी रवाळ भुरभुर दिसते, ती मुख्यतः हीच. कॅमेऱ्यातली ‘आयएसओ’ वाढवून ती जात नाही. रेडिओवर खरखर येत असताना आवाज मोठा केला, तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसेच हे.

प्रकाश जास्त मिळवायचे मार्ग तीनच: झडप जास्त वेळ उघडी ठेवणे, संवेदक मोठा घेणे, किंवा भिंगाचे छिद्र मोठे ठेवणे.

विद्यार्थिनीच्या चित्राचा हिशोब

अंकीय चित्राबरोबर कॅमेरा स्वतःच नोंद ठेवतो. आम्ही ती उघडून पाहिली. झडप १/६ सेकंद उघडी होती आणि छिद्र एफ/५.६ होते. ओवाळणारा हात सेकंदाला ३० सेंटिमीटर या वेगाने फिरतो असे धरले, तर १/६ सेकंदात तो ५ सेंटिमीटर सरकतो. धूसर पट्ट्याचे कोडे येथेच सुटले. वेळ १/६० सेकंद असता, तर हात अर्धा सेंटिमीटरच सरकला असता. म्हणजे प्रकाश १० पट हवा होता.

दुकानदारांनी मोठा संवेदक सुचवला होता. तिच्या कॅमेऱ्याचा संवेदक ‘एपीएस-सी’ मापाचा, म्हणजे सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, क्षेत्रफळ ३६७ चौरस मिलिमीटर. ‘फुल फ्रेम’ म्हणतात तो ३६ बाय २४, म्हणजे लायकाच्या फिल्मचौकटीएवढाच, क्षेत्रफळ ८६४. भागाकार करा: प्रकाश जेमतेम २.३५ पट.

आता भिंग पाहू. एफ-क्रमांक म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. म्हणून क्रमांक लहान असेल तर छिद्र मोठे. ३५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला एफ/५.६ वर साधारण ६ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असते, एफ/१.८ वर १९ मिलिमीटरहून थोडे मोठे. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की येतात ९.७. जवळजवळ १० पट!

नव्या कॅमेऱ्याबरोबर सहसा जे झूम भिंग मिळते, त्याचे छिद्र दूरचे जवळ आणले की बहुधा एफ/५.६ पर्यंत लहान होते. दिवसा अंगणात ते झकास काम देते. दिव्यांच्या उजेडात मात्र तेथेच गाडे अडते. विद्यार्थिनीला नवा कॅमेरा नको होता. एफ/१.८ चे एक छोटे, न ‘झूम’ होणारे भिंग हवे होते. असे भिंग दीडशे-दोनशे ग्रॅमचे असते आणि मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

अर्थात त्याचेही तोटे आहेत. जवळचे-दूरचे करायचे तर आपल्यालाच पुढेमागे चालावे लागते. शिवाय मोठ्या छिद्राने फार थोडी खोली स्पष्ट येते. अशा भिंगाने दोन मीटरवरून चित्र घेतले, तर स्पष्ट भाग साधारण वीतभरच. म्हणून नेम चेहऱ्यावर धरावा. काही कॅमेऱ्यांत हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असते. ती आपला हात सावरते, समोरच्याचा नव्हे. हेही ध्यानात असावे.

मग निवडायचे कसे?

पहिला प्रश्न: कॅमेरा लागणारच का? चांगल्या फोनमधला मुख्य संवेदक साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा, म्हणजे ७० चौरस मिलिमीटरचा असतो. फोन झटपट अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो आणि ही उणीव भरून काढतो. उन्हातल्या, स्थिर गोष्टींच्या चित्रांसाठी तो पुरेसा आहे. त्यासाठी पैसे घालवू नका. हलणारी माणसे आणि मंद उजेड एकत्र आले की बेरीज जमत नाही. तेथे कॅमेऱ्याचा उपयोग.

दुसरा प्रश्न: तो रोज बरोबर नेणार का? एक प्रयोग करा. अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी आठवडाभर दप्तरात वागवा. छोटा बिनआरशाचा कॅमेरा भिंगासह साधारण तेवढाच भरतो. फुल फ्रेमचा कॅमेरा झूम भिंगासह सहज किलोभर होतो. त्यासाठी पुरचुंडी दुप्पट करा. आठवड्यानंतर तुमच्या खांद्याने दिलेले उत्तर जाहिरातीपेक्षा खरे असेल. १७.३ बाय १३ मिलिमीटर संवेदकाची ‘मायक्रो फोर थर्ड्‌स’ पद्धत याच विचारातून आली. संवेदक थोडा लहान, पण भिंगेही लहान.

तिसरा प्रश्न मेगापिक्सेलचा. सहा बाय चार इंचांच्या छापील चित्राला इंचामागे ३०० ठिपके पुरतात. म्हणजे १८०० गुणिले १२००, सुमारे साडेएकवीस लाख. भिंतीवर लावायच्या १२ बाय ८ इंचांच्या चित्राला साडेशहाऐंशी लाख. सध्याच्या साध्या कॅमेऱ्यांतही दोन कोटींच्या आसपास ठिपके असतात. तेव्हा त्याहून मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

जुने भिंग घेत असाल तर त्यातून विजेरीचा प्रकाश पाडून पाहा. कोकणात, गोव्यात पावसाळ्यातील दमटपणाने भिंगावर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ते घेऊ नका.

थोडक्यात, जमलेल्या पैशांची आधी भिंगासाठी वाटणी करा आणि मग डबा निवडा. बहुतेक जण याच्या उलट करतात.

विद्यार्थिनीने कॅमेरा विकला नाही. दोन महिने थांबून तिने ३५ मिलिमीटरचे, एफ/१.८ चे वापरलेले भिंग घेतले. पंच्याहत्तरी काही परत येणार नव्हती. पण दिवाळीत भाऊबीज आली आणि आजीने आपल्या सत्तरीच्या धाकट्या भावाला ओवाळले. ते चित्र तिने मला आणून दाखवले. मागची भिंत अंधुक होती, ताम्हणाची कड थोडी हलली होती. पण निरांजनाच्या उजेडात आजीचा चेहरा स्पष्ट होता, सुरकुत्यांसकट. नोंद पाहिली. वेळ होती १/६० सेकंद.