चरणाऱ्या मेंढीचा हिशेब

शॅनन विमानतळावर १९४७ साली जगातले पहिले करमुक्त दुकान सुरू झाले. आयर्लंडमधल्या अशा दुकानांत मिळणारे जाड विणीचे अरन स्वेटर पुष्कळदा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मरिनो लोकरीचे असतात. बाहेर क्लेअर परगण्याच्या कुरणांत चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर जाडीभरडी. ती गालिच्यांसाठी जाते आणि तिच्यातून कातरणीची मजुरीही सुटत नाही. माण-फलटणच्या धनगराला यात नवल वाटणार नाही. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते, आणि घोंगडीचे गिऱ्हाईक कधीच आटले आहे.

मग लोकरीच्या आनुवंशिकतेवर संशोधकांनी घातलेली वर्षे पाण्यात गेली का? मला तसे वाटत नाही. ऑस्ट्रेलियात ट्रँगी येथे १९५१ पासून मरिनोचे दोन कळप वेगळे वाढवले गेले: एकात जास्त लोकरीची निवड, दुसऱ्यात कमी लोकरीची. जास्त लोकरीच्या मेंढ्या खादाड असणार, असा कोणाचाही तर्क झाला असता. पण दिसले ते असे, की मुख्य फरक खाण्यात नव्हता. खाल्लेल्या चाऱ्याची लोकर करण्याच्या क्षमतेत होता.

गव्हाणीतला चारा तोलता येतो, कुरणातला कसा तोलणार? याची युक्ती १९८६ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये निघाली. गवताच्या पानावरच्या मेणात एकतीस, तेहतीस अशा विषम कार्बनसंख्येची संयुगे भरपूर असतात, बत्तीसचे नगण्य. म्हणून बत्तीसचे संयुग मोजून मेंढीला रोज पाजायचे आणि लेंडीत ते आणि गवतातले तेहतीसचे या दोहोंचे प्रमाण पाहायचे. शेजारच्या संख्यांची संयुगे पोटातून जाताना जवळपास सारखीच घटतात, त्यामुळे घटीची चूक आपोआप कटते. मेंढीने काय खाल्ले ते लेंडीत वाचायचे! शेतात मेंढरं बसवून लेंडीचे पैसे घेणाऱ्या धनगराला ही विद्या आवडावी.

वंशाचा असा हिशेब आयर्लंडमध्येही मांडतात. शॅननहून उत्तरेला तासाभरावर अ‍ॅथेनराय आहे. तिथे चागस्क या सरकारी कृषी संशोधन संस्थेने न्यूझीलंडच्या आणि आयर्लंडमधल्या सरस-निरस वंशमूल्याच्या सफोक-टेक्सेल मेंढ्यांची तुलना केली. मेंढीला पन्नास मिनिटे बंद पेटीत उभे करून ती सोडते तो मिथेन वायूही तिथे मोजतात. गंमत न्यूझीलंडची आहे: कमी मिथेनसाठी निवडलेल्या वंशात कोटीपोट लहान निघाले आणि लोकर मात्र जास्त. बाजाराने टाकून दिलेली लोकर अशी मागच्या दाराने हिशेबात परत आली.

आपल्याकडे हिशेब निराळा. १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी फलटणला स्थापलेल्या संस्थेने सुंदरबनच्या चिमुकल्या गारोळ मेंढीतले जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणले. मेंढीच्या स्वतःच्या पोटाचा खर्च दोन कोकरांत वाटला जातो, हे त्यातले खरे अर्थकारण. अर्थात दूध पुरले तर. उलट जतच्या माडग्याळी मेंढ्याचे नाक आणि उंची पाहून लाखांच्या बोली लागतात. मोठे अंग मोठी भूकही घेऊन येते. हिरव्या आयर्लंडला ते परवडेल. उन्हाळ्यात खुरट्या माळावर मैलोन्‌मैल चालून पोट भरणाऱ्या कळपात पैदाशीचा नर निवडताना, त्याच्या आईने किती कोकरे जगवली आणि ती विकताना किती वजनाची होती, हे आधी विचारले पाहिजे. नाकाचे नंतर पाहता येईल.