भुरीचें औषध केवड्यावर कां चालत नाहीं?

द्राक्षाचें पान पांढरें दिसलें कीं शेजाऱ्यानें आणलेलें तेंच औषध आपणही आणावें, अशी बागाईतदारांची संवय आहे. गुण आला नाहीं म्हणजे दोष औषधास लागतो. आमच्या मतें पुष्कळदां चूक रोग ओळखण्यांत झालेली असते.

हेक्झाकोनाझोल, मायक्लोब्युटानिल, टेब्युकोनाझोल हीं ट्रायझोल कुळांतील बुरशीनाशकें होत. नत्राचे तीन व कर्बाचे दोन अणु मिळून झालेलें कडें या सर्वांत असतें. बुरशीच्या पेशीचें पातळ आवरण घडण्यास स्टेरॉल जातीचा पदार्थ लागतो. तो तयार होण्याची क्रिया हें औषध मध्येंच अडवितें. भुरीची बुरशी हा पदार्थ स्वतः तयार करते, म्हणून ती सांपडते. केवड्याचा जंतु तो मुळीं करीतच नाहीं, मग औषधानें अडवावें तें काय?

भुरी राखेसारखी असून बोटानें पुसली जाते. घडावर आल्यास मणी तडकतात. केवड्यांत पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिंवळे डाग व त्यांच्याच खालीं कापसासारखी पांढरी वाढ दिसते. अशा वेळीं १८८५ सालापासून प्रसिद्ध असलेलें मोरचूद-चुन्याचें बोर्डो मिश्रण अजूनही उपयोगी पडतें.

ट्रायझोल पानांत शिरून रसाबरोबर वर चढतें, खालीं उतरत नाहीं. सबब फवारा वेलीच्या आंतल्या पानांवर व घडांवरही पोंचला पाहिजे. बीजाणु रुजणें त्यानें थांबत नाहीं, रुजल्यावरची वाढ थांबते. म्हणून रोगाची चाहूल लागतांच फवारावें. सारी बाग पांढरी झाल्यावर पैसा वायां जातो. गुलाबावरील भुरी व काळे ठिपके यांसही हाच नियम.

मात्रा डब्यावरील चिठ्ठींत असेल तीच घ्यावी. आंबा बागाईतदारांच्या परिचयाचें पॅक्लोब्युट्राझोल याच कुळांतलें आहे. तें शेंड्यांची वाढ रोखतें, आणि कांहीं बुरशीनाशक भावंडांतही तो गुण थोडाफार असतो. लागोपाठ हेंच औषध मारूं नये. कॅलिफोर्नियांतील द्राक्षमळ्यांत १९८० च्या दशकांत भुरी अशा औषधांस दाद देईनाशी झाली. मधून मधून गंधक वापरावा. मात्र कडक उन्हांत त्यानें पानें करपतात.

माल परदेशीं धाडणारांनीं काढणीपूर्वीची मुदत कसोशीनें पाळावी. युरोपीय संघानें प्रोपिकोनाझोलची मंजुरी २०१८ सालीं पुढें चालू ठेवण्याचें नाकारलें, व मायक्लोब्युटानिलची तेथील मंजुरी २०२१ सालीं संपली. तेव्हां डबा विकत घेण्यापूर्वींच खरेदीदाराची यादी पाहावी.